‘यातला कोणी नाही’ म्हणणारी इंदूअक्का

संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी विचारलं, “शिव्या चालतील का?” ते म्हणाले, “दिवाळी अंक आहे, घरोघरी जातो.” म्हणून शिव्या काढून जे उरलं ते लिहिते आहे. लेख मिळमिळीत वाटला तर दोष त्यांचा.

मी पत्रकं लिहिते. गेली आठ वर्षं तेच करते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत आमची छोटी संघटना कष्टकरी बायकांमध्ये काम करते. मोर्चा असला की पत्रक, निवेदन द्यायचं असलं की पत्रक, कोणी ऐकत नसलं की आणखी मोठ्या अक्षरात पत्रक. पत्रकाचं शास्त्र सोपं आहे. वाक्य आखूड हवं, दहा पावलांवरून वाचता आलं पाहिजे आणि शंका शून्य. ‘कदाचित’ हा शब्द पत्रकात लिहायचा नसतो. ‘बहुतेक’ लिहिलंत तर मोर्चाला माणसंही बहुतेकच येतात.

या शास्त्राच्या जोरावर मी एकदा एका निरपराध माणसाला शिक्षेच्या वाटेला लावायला निघाले होते. एका डाळ मिलमध्ये निवडणीला बसणाऱ्या बाईने ते होऊ दिलं नाही. माझ्या कामातले अनुभव लिहा म्हणता, तर त्या बाईला सोडून मी दुसरं काय लिहू?

आधी काम सांगते. रविवारी सकाळी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या विहाराच्या ओट्यावर आमचं मदतकेंद्र भरतं. केंद्र म्हणजे एक सतरंजी, एक पत्र्याची पेटी आणि मी. ज्यांच्यावर गुन्हा झाला ते लोक येतात. त्यांना ‘पीडित’ म्हणायचं, हे सरकारी कागदाने शिकवलं. एकदा एक गृहस्थ विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणून पीडित होऊन आले. मी समजावलं, भाऊ, ही भरपाई वस्तूची नसते, माणसाच्या जिवाची आणि शरीराची असते. ते म्हणाले, “ताई, मोटार गेल्यापासून माझ्या जिवाचं काय झालंय ते तुम्ही पाहिलं नाही!” त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. असे लोक भेटले की रविवार हलका जातो.

इंदूबाई आली तो रविवार हलका नव्हता.

जळगावातच मेहरूणला तलावाच्या अलीकडे तिच्या दोन खोल्या. वय पन्नाशीचं. नवरा दम्याने घरी बसलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेला. माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे बोलणं अहिराणी. मिलमध्ये सगळ्या बाया तिला अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. भर दुपारी मिलमधून परतताना मोटरसायकलवर दोघं आले आणि मागच्याने तिच्या गळ्यातली पोत ओढली. अक्काने उजव्या हाताने पोत धरून ठेवली. तिने सोडली नाही, त्याने सोडली नाही आणि पुढच्याने गाडी थांबवली नाही. पोत तुटेपर्यंत अक्का डांबरावरून फरपटत गेली.

कोपराचं हाड सरकारी दवाखान्यात पट्टी घालून जोडलं. पण नस दबली होती. बोटं मिटेनात. निवडणीच्या कामात बोटं हेच हत्यार. सुपात फिरणाऱ्या बोटांनीच खडा कळतो. डॉक्टरांनी सांगितलं, नसेचं आणखी एक ऑपरेशन करावं लागेल आणि तेही सहा महिन्यांच्या आत. नंतर केलं तर उपयोग नाही. मोफत उपचारांच्या यादीत ते ऑपरेशन बसत नव्हतं.

एवढं ऐकल्यावर मी काय केलं असेल? पत्रक काढलं. त्यातलं मधलं वाक्य माझं स्वतःचं, आणि मला ते फार आवडलं होतं: ‘आरोपी नाही तर न्याय नाही, न्याय नाही तर भरपाई नाही! आरोपीला अटक करा!’ मिलच्या फाटकावर वाटलं. मोर्चा काढला. बायांनी घोषणा पाठ केल्या. वाक्याला ताल होता. वाक्य खरं आहे की नाही, हे तपासायला मी एक मिनिटही घालवलं नव्हतं.

मोर्च्याचा परिणाम झाला. तीन आठवड्यांत पोलिसांनी धुळ्याहून एक जण उचलून आणला. तिशीचा, रस्त्याच्या कडेला किल्ल्या बनवून देणारा. त्याच्या नावावर कधीतरी मारामारीची एक किरकोळ तक्रार होती, तेवढं पुरलं. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण वाटण्याच्या बेतात होतो.

मग ओळखपरेड ठरली. हे काय असतं ते सांगते. तुरुंगात संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पाच-सहा जणांच्या रांगेत उभं करतात. परेड पोलीस घेत नाहीत, नायब तहसीलदार घेतात, पंच असतात. साक्षीदाराने रांग बघायची आणि माणूस ओळखायचा. मी रिक्षाने अक्काला न्यायला गेले. रिक्षात आमचं जे बोलणं झालं ते मला शब्दशः आठवतं आणि आठवू नये असं वाटतं.

“अक्का, नीट बघा. ओळख पटली की केस उभी राहील. केस उभी राहिली की शिक्षा. मग भरपाई, मग ऑपरेशन.”

“आनि नही पटनी तं?”

“तर काहीच नाही.”

तुरुंगाच्या फाटकाशी तपासातले एक हवालदार उभे होते. ते जवळ आले, तंबाखू मळत आमच्याकडे न बघता म्हणाले, “उंच आहे, सावळा आहे, कपाळावर जुनी खूण आहे. घाबरायचं नाही अक्का.” आणि पलीकडे गेले. मी ते ऐकलं. एरवी अशा एका वाक्यावर मी चार पत्रकं काढली असती. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण ते वाक्य माझ्या बाजूचं होतं.

अर्ध्या तासाने अक्का बाहेर आली.

“नही शे त्यामा.”

“म्हणजे? नीट पाहिलंत का?”

“मना डोळा नही गयात, हात गया.”

“कपाळावर खूण असलेला एक जण नव्हता का?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. “व्हता ना. पन तो नही. मांगे बठेल व्हता त्याना हात मी एवढा जवळतून देखा व्हता, तो हात त्या रांगमा कोनाच नही.” मग सरळ विचारलं, “मना हात गया, आते कोनी दुसरी मायना पोऱ्या बी जावाले पाहिजे का?”

मला राग आला. किल्लीवाल्यासाठी नव्हे, अक्काचा आला. एवढा मोर्चा काढला, बायांचे रोज बुडाले, आणि हिने तीन शब्दांत सगळं पाण्यात घातलं. संघटनेच्या बैठकीत मी म्हणाले, “आपलीच साक्षीदार फुटली.” हे वाक्य मी बोलले आहे. छापील स्वरूपात कबूल करते.

किल्लीवाला सुटला. पोलिसांनी तपास गुंडाळला आणि न्यायालयात ‘अ समरी’ नावाचा तपास बंद करण्याचा अहवाल पाठवला. त्याची नोटीस अक्काला आली, अक्का ती घेऊन माझ्याकडे आली आणि मी, दुसरं काय, नवं पत्रक लिहिलं: ‘अ समरी म्हणजे गुन्ह्याला केराची टोपली!’ अक्काला बजावलं, या कागदाला विरोध करायचा, अजिबात मान्य करायचं नाही. ऑपरेशनच्या सहा महिन्यांतले तीन संपले होते.

ते पत्रक आणि उरलेली जुनी पत्रकं घेऊन मी धुळ्याच्या सभेला गेले. सभा संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ जुनं पत्रक घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. जन्मभर न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे नाना म्हणत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या लाडक्या वाक्याखाली रेघ ओढली आणि विचारलं, “हाई कोनी लिखं?”

“मी.”

“तुना पत्रकमा बठ्ठं खरं शे, हाई एक वाक्य सोडीसन. आनि हाई एकच वाक्य लोके ध्यानमा ठेवतीस.”

मी वाद घातला. नाना हसले आणि नंतर साध्या मराठीत, पोराला पाढे शिकवावेत तसे बोलले. ते इथे लिहून ठेवते; तुमच्या गल्लीत कोणाला तरी लागेल.

पीडिताला सरकारने भरपाई द्यायची ती आरोपीला शिक्षा झाली म्हणून नव्हे, तर माणसाचं नुकसान झालं आणि त्याला पुन्हा उभं राहायचं आहे म्हणून. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. हे कार्यालय न्यायालयाच्याच आवारात असतं. खटला चालून सगळे निर्दोष सुटले, तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. नाना म्हणाले, त्यांच्या नोकरीत एकदा खुनाचे सगळे आरोपी सुटले, तेव्हा मेलेल्याच्या बापाने भर न्यायालयात विचारलं होतं: “कोणीच मारलं नाही म्हणता, मग माझा पोरगा मेला कशाने?” नाना म्हणाले, “त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हा कायदा. गुन्हेगार सिद्ध झाला नाही, गुन्हा तर झाला!”

“मग या अ समरीचं काय?”

“पोरी, ब समरी म्हणजे फिर्याद खोटी. क समरी म्हणजे खरी नाही, खोटीही नाही, गैरसमज. आणि अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही. पोलीस स्वतः लिहून देताहेत की तुझ्या बाईवर गुन्हा झाला. तिची पावती आहे ती. आणि तू तिला ती फाडायला सांगते आहेस.”

मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत परत घातला. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी एकच हिशेब करत होते: मला हे माहीत असतं, तर त्या दिवशी रिक्षात अक्काला मी ‘काहीच नाही’ म्हणाले नसते. त्या बाईने माझ्या चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवला होता. ‘नाही’ म्हटलं तर हात जाईल, असं पक्कं समजून ती ‘नाही’ म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मेहरूणला गेले. अक्का डाव्या हाताने भाकरी थापायला शिकत होती. भाकरी नकाशासारखी होत होती. मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली, माफ करा, असंही म्हणाले. अक्काने नीट समजून घेतलं.

“म्हंजे मी ‘तो हाऊच’ म्हनती तरी अर्ज व्हता, नही म्हनी तरी अर्ज शे?”

“हो.”

“मंग बरं व्हयनं, तू तवय सांगं नही.”

“का?”

“सांगती तं लोके म्हनतीस, बाईनं काहीच जात नही म्हनीसन बाई खरं बोलनी.” आणि हसायला लागली. मला हसू येईना, तर म्हणाली, “आते रडू नको व्हय, भाकर खाय.” नकाशा खाल्ला.

अर्ज केला. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद, अपंगत्वाचा दाखला, अ समरीची नोटीस. अर्जाला मुदत असते, ती चुकवू नका. चुकलीच तर उशिराचं कारण लिहा, ते ऐकून घेतात. वकील लागत नाही. प्राधिकरण मुख्यतः तीन गोष्टी बघतं: गुन्हा घडला का, इजा त्याच गुन्ह्याने झाली का, आणि पीडिताने वेळेवर तक्रार देऊन तपासाला साथ दिली का.

तिसऱ्या गोष्टीवर आमची गाडी अडली. प्राधिकरणाने पोलिसांचा अहवाल मागवला, त्यात एक ओळ आली: ‘फिर्यादीने ओळखपरेडच्या वेळी अपेक्षित सहकार्य केले नाही.’

अपेक्षित! कोणाला अपेक्षित? मी त्याच पावली पोलीस ठाण्यावर जाणार होते, खडू घेऊन, भिंतीवर लिहायला. नानांना फोन केला. ते म्हणाले, “भिंत राहू दे. परेडचा पंचनामा काढ. तो पोलिसांनी लिहिलेला नसतो.”

पंचनाम्याची नक्कल मिळायला तीन आठवडे गेले. ती वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या अर्ध्या तासात आत काय झालं होतं. नायब तहसीलदारांनी कोरड्या सरकारी भाषेत लिहिलं होतं: साक्षीदाराने रांग डावीकडून उजवीकडे व पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिली. साक्षीदाराने सर्वांना डाव्या हाताची बाही वर करण्याची विनंती केली. प्रत्येकाचे मनगट जवळून पाहिले. साक्षीदाराने सांगितले की, ज्याने पोत ओढली त्याच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता, तसा डाग यापैकी कोणासही नाही. साक्षीदाराने सांगितले, ‘यातला कोणी नाही.’

पहिल्या दिवशीची फिर्याद उघडली. त्यातही तो डाग होता, चौथ्या ओळीत. मी ती फिर्याद कितीदा वाचली होती! पण पत्रकात डाग कुठे बसतो?

सुनावणीला प्राधिकरणाच्या सचिव असलेल्या न्यायाधीश मॅडम होत्या. त्यांनी फिर्याद आणि पंचनामा शेजारीशेजारी ठेवला. तपास अधिकाऱ्यांना विचारलं, “यांनी सहकार्य केलं नाही म्हणजे नेमकं काय केलं नाही?”

“मॅडम, आरोपी ओळखला नाही.”

“तो आरोपी होता का?”

साहेबांनी फाईल उलटसुलट चाळली.

मॅडम अक्काकडे वळल्या. “तुम्हाला ओळखायचं नव्हतं का?”

अक्का उठून उभी राहिली. “ओळखानंच व्हतं ना मॅडम. तेन्हाकरता तं गयी व्हती. मी बठ्ठासना हात देखा. एक जन बाही वर करे ना, त्यालेबी म्हनं, भाऊ, कर वर, मना बी हातना सवाल शे.”

मॅडमनी मान खाली घालून लिहायला घेतलं. त्या हसत होत्या की नाही ते मला दिसलं नाही. पण आदेशात एक वाक्य आलं, जे मी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे: खरी ओळख न पटल्यास तसे स्पष्ट सांगणे हेही तपासास सहकार्यच होय. अर्ज मंजूर झाला. सहा महिने संपायला नऊ दिवस उरले असताना अक्काच्या नसेचं ऑपरेशन झालं. अंगठा आणि दोन बोटं पूर्ण मिटतात, तिसरं अर्धं. चौथं हट्टी आहे. मिलमध्ये तिला पुन्हा सुपाशी बसवलं. वेग पूर्वीचा नाही, खडा मात्र सुटत नाही.

किल्लीवाल्याला भेटायला मी धुळ्याला गेले होते. तो आत होता तेवढ्या दिवसांत त्याच्या कोपऱ्यावर दुसरा बसला. आता तो गावाबाहेर बसतो, तिथे कोणाची किल्ली हरवत नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, “त्या मावशींना नमस्कार सांगा.” माझ्या माफीबद्दल काही बोलला नाही, आणि बरोबर केलं. अक्काच्या नुकसानीसाठी अर्जाचा नमुना आहे. त्याच्या नुकसानीसाठी अर्ज कुठे करायचा, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेपर्यंत शोधणार आहे.

मी पत्रकं अजून लिहिते. आता छापायच्या आधी प्रत्येक ओळ नानांना फोनवर वाचून दाखवते. ते वैताग आणतात. पत्रकं लांबली आहेत, घोषणा अडखळतात, मोर्च्यातल्या बाया कुरकुरतात. पण ओट्यावर येणारी माणसं वाढली, कारण ‘आरोपी सापडला नाही’ हे कारण देऊन घरी बसलेले लोक किती आहेत ते आता दिसायला लागलंय.

एक राहिलं. आदेश आला त्या दिवशी अक्काने मला विचारलं होतं, “आते तो सापडना तं पैसा परत देना पडतीन का?” मी म्हणाले, नाही, तो सापडला तर सरकार हवं तेव्हा त्याच्याकडून वसूल करेल, तुमच्याकडून नाही. “आनि अ समरी व्हयनी म्हंजे शोधानं बंद का?” मी म्हणाले, माग लागला तर फाईल पुन्हा उघडता येते. “बरं,” म्हणाली.

मला वाटलं विषय संपला. गेल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी त्या पोलीस ठाण्यात गेले, तर अक्का तिथे उभी. मिलला सुट्टी असली की महिन्यातून एकदा ती येते, असं कळलं. समोर तेच हवालदार होते, फाटकावर आमच्याकडे न बघता बोलणारे.

“सापडना का?” अक्काने विचारलं.

“अक्का, तुम्हाला पैसे मिळाले ना? ऑपरेशन झालं, हात चालतो. आता कशाला हेलपाटे घालता?”

“हा, मिळनात. त्या तं सरकारनी दिन्हात,” अक्का म्हणाली. “त्यानी काय दिन्हं?”

हवालदारांनी तंबाखूची डबी मिटली. मग उठले, खुर्ची अक्काच्या पुढे सरकवली आणि कपाटातून फाईल काढायला गेले.